न उतरलेले बाळसे

(सांगली येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

सांगलीत उभे राहून साखरेला नावे ठेवायची म्हणजे धाडसच. ज्या जिल्ह्यातले साखराळे कारखान्यामुळे ओळखले जाते, जिथल्या पेठेत गुळाच्या ढेपांचे सौदे होतात, शेजारच्या साताऱ्याचे नाव निघाले की आधी कंदी पेढा आठवतो, तिथे वक्त्याने जपून बोललेले बरे. पण आजच्या विषयात साखर ही एकटी आरोपी नाही. पिंजऱ्यात ती आहेच. मात्र तिच्याआधी उभे करायला हवे ते घरातल्या एका नजरेला. मूल ‘भरले’ की ‘वाळले’ हे ही नजर ठरवते, आणि तिचा निकाल सहसा वरच्या कोर्टात जात नाही.

या नजरेला दोष देण्याआधी ती घडली कशी ते पाहावे लागते. आज ज्या आज्या नातवाच्या ताटात दुसऱ्यांदा तुपाची धार सोडतात, त्यांतल्या कितीतरी १९७२ च्या दुष्काळात लहान होत्या. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तिकडे माण आणि खटाव. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी आणि मिलोची लाल भाकरी त्यांनी खाल्ली आहे. त्या काळात गुबगुबीत मूल म्हणजे जगण्याची हमी होती. गोवर, जुलाब, डांग्या खोकला यांच्या एका तडाख्यात अंगावरचे मांस उतरून जाई, तेव्हा आधीपासून थोडे शिल्लक असलेले मूल तगे. पुढे गणेशोत्सवात, बालवाड्यांत सुदृढ बालक स्पर्धा भरू लागल्या, आणि बहुतेक ठिकाणी बक्षीस काखेत वळ्या पडलेल्या बाळालाच जाई. हा अनुभवाचा हिशेब होता, त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. अडचण एवढीच की हिशेब जुन्या भावाने चालू राहिला आणि बाजार बदलला.

ही नजर नेमकी कुठे चुकते?

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर चरबी बेताची असते. पहिल्या वर्षात ती झपाट्याने वाढते, वजन तिप्पट होते, गाल फुगतात. नंतर उलटा प्रवास सुरू होतो. मूल चालू लागते, धावते, उंच होते, आणि उंचीच्या मानाने वजन कमी कमी होत साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी तळाला जाते. बरगड्या दिसतात, मांड्या बारीक होतात. तिथून रेषा पुन्हा वर वळते. फ्रान्समधल्या मारी-फ्रान्स्वाझ रोलां-काशेरा या संशोधिकेने १९८४ मध्ये दाखवून दिले की हे वळण जितक्या लवकर येते, तितका पुढच्या आयुष्यात लठ्ठपणाचा धोका जास्त. सहाव्या वर्षी वळणारी रेषा आणि चौथ्या वर्षी वळणारी रेषा यांत दोन वर्षांचे अंतर दिसते. पण चौथ्या वर्षी वळलेले मूल पुढे भराभर वर जात राहते.

आता घरात काय होते पाहा. तीन वर्षांचे पोर निसर्गनियमाने सडपातळ होऊ लागले की आजी म्हणते, “वाळलं गं पोरगं.” आई डॉक्टरांकडे भुकेचे औषध मागते. दुधात चॉकलेटी पूड पडते. पोराला मोबाइलसमोर बसवून, त्याचे लक्ष नसताना आणखी चार घास भरवले जातात. ‘पोट भरलं’ असे सांगणारी मुलाची स्वतःची यंत्रणा त्या वयात शाबूत असते, आणि ती मोडायचे काम अतिशय मायेने केले जाते. बाळसे उतरायच्या वयात उतरू दिले जात नाही, किंवा उतरताच पुन्हा चढवले जाते.

याचा परिणाम काय होतो, हे दिल्लीत दिसले. १९६९ ते १९७२ या काळात दक्षिण दिल्लीत जन्मलेल्या मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. ती मुले २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या सुमारे दीड हजार जणांची साखर तपासली गेली, आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना तिशीच्या आतबाहेर मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते. त्यांची रेषा इतरांपेक्षा लवकर वर वळली आणि बाराव्या वर्षापर्यंत सतत वर जात राहिली. गंमत अशी की बाराव्या वर्षीही त्यांतले कोणीच लठ्ठ नव्हते. घरच्यांनी त्यांना ‘आता जरा अंग धरलं’ असेच म्हटले असणार.

पण खरी मराठी गोष्ट पुण्याची आहे, आणि ती तपशिलात सांगण्यासारखी आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्यासमोरचे मधुमेही पुस्तकातल्यासारखे जाड नव्हते आणि वयाने तरुण होते. असे का, याचा शोध घेता घेता ते रुग्णांच्या बालपणाकडे आणि तिथून आईच्या पोटातल्या दिवसांकडे गेले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. त्याच काळात इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे सरासरी साडेतीन किलोची होती. पाऊण किलोचा हा फरक शरीराच्या कोणत्या भागात पडला, हे याज्ञिकांच्या पथकाने मोजून काढले. आपल्या बाळाचे पोट लहान होते, स्नायू कमी होते. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरलेली चरबीची घडी जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकीच होती. इतर सगळ्यांत काटकसर झाली, चरबीत मात्र झाली नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि ‘हडकुळे पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ जगाच्या वैद्यकीय चर्चेत आले.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. दोघेही काट्यावर ठणठणीत. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःलाच पुरावा म्हणून उभे करण्याचा हा प्रकार मोठा खिलाडू म्हटला पाहिजे.

पुण्यातल्याच आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा आणखी एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुले कोणती निघाली? जी जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली होती. नुसते लहान जन्मणे किंवा नुसते मोठे होणे यापेक्षा या दोन्हींची जोडी वाईट. सहा खेड्यांतली ती बाळे पुढे १८ वर्षांची झाली तेव्हा निम्मी वजनाने कमीच भरत होती. तरी मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ही खेड्यातली, बारीक मुले आहेत. आता त्यांच्या जागी सांगलीच्या विश्रामबागेतल्या क्लासला स्कूटरवर जाणारा, संध्याकाळी चीज टाकलेला वडापाव खाणारा मुलगा कल्पावा.

चरबीमुळे रोग होतो तो कसा, हे इथे सांगितले पाहिजे. तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहाचे उदाहरण घ्या. जागा आहे तोवर पेट्या आत नीट रचल्या जातात, माल सुरक्षित राहतो. शीतगृह भरले की पेट्या व्हरांड्यात, पॅसेजमध्ये, कचेरीत येऊन पडतात आणि सगळा कारभार ठप्प होतो. कातडीखालची चरबी हे ते शीतगृह. आपल्या लोकांत ते मुळातच लहान, त्यामुळे लवकर भरते. मग चरबी यकृतात, स्वादुपिंडाभोवती, स्नायूंच्या आत शिरते. स्नायू इन्सुलिनचे ऐकेनासे होतात, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतते, आणि काही वर्षांनी थकते. म्हणूनच पुण्यातल्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा असलेल्या, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढतक्त्यांत लठ्ठपणाच्या रेषा खाली आणल्या गेल्या. प्रौढांचा निर्देशांक पाश्चात्त्य मापाने २५ आणि ३० ला धोक्याचा मानतात. आपल्या मुलांच्या तक्त्यात वजन जास्त आणि लठ्ठ या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळवल्या आहेत.

दवाखान्यात या सगळ्याची पहिली खूण मानेवर सापडते. मुलाच्या मानेमागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. कित्येक आया तो मळ समजून दगडाने, बेसनाने घासतात. पोरगे रडते, मान लाल होते, काळपटपणा जात नाही. तो मळ नाहीच. रक्तात वाढलेल्या इन्सुलिनने कातडीच्या पेशींना दिलेला तो हुकूम आहे. शाळेतल्या शिक्षकांनाही ही खूण ओळखता येईल. त्यासाठी ना रक्त काढावे लागते, ना पैसे लागतात.

दुसरे नाव यकृताचे. ज्या पोराने दारूचा वासही घेतलेला नाही, त्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते. जगभरातल्या अभ्यासांचा गोळाबेरीज हिशेब सांगतो की लठ्ठपणासाठी दवाखान्यात आलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांच्या यकृतात चरबी असते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. रक्तदाब वाढतो तोही असाच मुकाट. झोपेत घोरणे मात्र सगळ्या घराला ऐकू येते आणि वर ‘गाढ झोप लागते हो त्याला’ असे कौतुक होते. वास्तविक घोरणाऱ्या जाड मुलाचा श्वास रात्रीतून अनेकदा अडतो, प्राणवायू कमी पडतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते पेंगते. गुडघे आतल्या बाजूला वळतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा सरकण्याचा एक आजार वाढत्या वयातल्या वजनदार मुलांत होतो. मूल लंगडते, गुडघा दुखतो म्हणते, आणि दोष असतो खुब्यात. मुलींमध्ये पाळी लवकर येते, पुढे अनियमित होते, चेहऱ्यावर लव वाढते. बीजकोशाच्या या तक्रारीबद्दल घरात कुजबुजत बोलले जाते आणि चर्चा लग्नाच्या वळणावर जाऊन थांबते.

लहान वयात येणारा टाइप टू मधुमेह हा मोठ्यांच्या मधुमेहापेक्षा उग्र असतो, हे निःसंदिग्ध झाले आहे. अमेरिकेत अशा मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार निदानापासून १५ वर्षांच्या आत ६० टक्के जणांच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना किंवा नसांना इजा झाली होती. त्या वेळी त्यांचे सरासरी वय होते सुमारे २६. म्हणजे नोकरी लागण्याचे, लग्नाचे वय.

आणि जाड्या, ढोल्या, भोपळा ही शाळेतली नावे? ती रोगांच्या यादीत येत नाहीत, पण मुलाला मैदानापासून तोडायला तीच सर्वांत आधी कामाला येतात. धावताना हसे झालेला मुलगा पुढच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणतो. आपल्या भागात आणखी एक नाव मिळते, ते कौतुकाचे: पैलवान. ते ऐकून आईबाप खूश होतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो वजनी गटात. तालमीतला खुराक, म्हणजे दूध, बदाम, तूप, मटण, हा शेकडो जोर-बैठका आणि मातीतली झटापट यांच्या हिशेबाने ठरलेला होता. बहुतेक घरांत खुराक तेवढा राहिला, जोर-बैठका गेल्या. सांगलीने पिढ्यान् पिढ्या खो-खोचे खेळाडू दिले. त्याच गावात आज शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला उसना दिला जातो आणि तो कधी परत मिळत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान एक तास दम लागेल असे हालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या ८१ टक्के किशोरवयीनांकडून तेवढे होत नाही.

आता साखर. तिला टाळून पुढे जाता येणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी लागतात. वरून घातलेल्या आणि रसांतल्या साखरेतून त्यातल्या १० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत राहावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चमचे. उसाच्या रसात १३ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे रसवंतीतला २०० मिलिलिटरचा एक ग्लास दिवसाचा कोटा संपवतो. शीतपेयाची लहान बाटलीही तेच करते. यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर असते: ‘आमच्यात गूळ वापरतात.’ गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी असतील तर १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास आहेत. शरीराला कारखाना आणि गुऱ्हाळ यांतला फरक फारसा कळत नाही. दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पुडींबद्दल केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की त्यांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या सदरात मांडू नका. तोवर दोन-तीन पिढ्या त्या पुडीवर ‘उंच’ झाल्या होत्या.

झोपेचा मुद्दा कमी बोलला जातो. शाळकरी मुलाला ९ ते १२ तास आणि किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. झोप तुटली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, तृप्ती सांगणारे घटते, आणि रात्री अकराला जागे असलेले मूल काकडी मागत नाही. थायरॉइडचा मुद्दा उलट फार बोलला जातो. ‘त्याला थायरॉइड असेल’ या आशेने तपासण्या होतात. ग्रंथींच्या आजाराने लठ्ठ झालेले मूल सहसा बुटके राहते; खाण्यापिण्यातून वजन वाढलेले मूल त्या वयात इतरांपेक्षा उंच असते. उंची नीट वाढत असेल तर दोष बहुधा ग्रंथीत नसतो. आनुवंशिकता आहेच. पण जनुके तीस वर्षांत बदलत नाहीत, आणि भारतात ५ ते १९ वयातली लठ्ठ मुले १९९० मध्ये सुमारे चार लाख होती ती २०२२ मध्ये सव्वा कोट झाली.

हे श्रीमंतांचे दुखणे आहे, असा समज अजून टिकून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील मुलांत वजन जास्त असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्याच पाहणीत ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. खुजेपणा आणि चरबी एकाच राज्यात, एकाच गावात, कधी एकाच मुलात नांदतात. गळिताच्या हंगामात फडाकडेच्या कोपींपाशी जाऊन पाहावे. ऊसतोड मजुरांची आया-माणसे पहाटे कोयता घेऊन जातात, आणि मागे राहिलेल्या पोराच्या हातात पाच रुपयांची चुरचुरीत पुडी असते. मैदा, पामतेल, मीठ. ती स्वस्त आहे, टिकते, शिजवावी लागत नाही आणि रडणे थांबवते. त्या आईला सकस आहाराचे व्याख्यान देणाऱ्याने आधी तिच्या चुलीजवळ सरपण कोण आणून देणार ते सांगावे. खुज्या राहिलेल्या अशा मुलाच्या अंगात, चांगले दिवस आले की चरबीच आधी भरेल, हे पुण्याच्या अभ्यासाने सांगून ठेवले आहे. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की जगात ५ ते १९ वयात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) पहिल्यांदाच वर गेले आहे.

नियम झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ हद्दपार केले. २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत त्यांच्या विक्रीला बंदी घातली. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहून ५० पावले चालणाऱ्याला या नियमांची तब्येत कळेल. गाडीवाल्यावर सगळा राग काढण्यातही अर्थ नाही. तो ग्राहक बनवत नाही, तयार ग्राहकाची वाट पाहतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी काय करायचे? उपाशी ठेवणे हा उपाय नाही, आणि बहुतेक वाढत्या मुलांना वजन उतरवण्याचीही गरज नसते. वजन आहे तिथे थांबवले आणि उंची वाढत गेली की वर्ष-दोन वर्षांत गुणोत्तर आपोआप सुधारते. ही सवलत फक्त वाढत्या वयालाच आहे. बारावी झाल्यावर ती संपते, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के जण प्रौढपणीही लठ्ठ राहतात. ताट मात्र एकट्या मुलाचे बदलून चालत नाही. त्याच्यापुढे उकडलेली मटकी आणि बाबांपुढे भडंगाची परात, अशा घरात पहिल्या आठवड्यातच बंड होते. भाकरी, आमटी, उसळ, ताक, कोशिंबीर हे जेवण या जिल्ह्यांत कोणाला शिकवावे लागत नाही. फक्त ते पाहुणे नसतानाचे जेवण समजले जाते आणि मुलाला ‘स्पेशल’ काहीतरी हवे असते.

एक व्यवस्थेतली फट मात्र इथल्या जिल्हा परिषदांना आणि महापालिकेला बुजवता येईल. अंगणवाडीत मुलाचे वजन नियमित होते, पण सहाव्या वर्षी अंगणवाडी संपते. म्हणजे रेषा जिथे वर वळते, त्याच वळणावर नोंदवही बंद होते. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, उंची-वजन घेते, आणि तो आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायला कोणाला सवड नसते. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी अंगणवाडीचे कार्ड शाळेच्या फायलीत लागावे, दर जूनमध्ये त्यावर एक ठिपका पडावा, आणि वजनाबरोबर शिंप्याच्या टेपने कंबरही मोजावी. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, किंवा मानेमागे काळपटपणा दिसला, तर त्या मुलाला मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी. टेप वीस रुपयांना मिळतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तके वाटताना मुले रांगेत उभी असतातच.